सहलीचे पैसे ‘जेवणासकट’ भरावे काय?

कापूस विकून झाला, तूर-हरभरा घरी आला, पोरांच्या परीक्षा आटोपल्या, की वऱ्हाडातल्या घरोघरी एक विषय निघतोच: ‘औंदा कुठं तरी जाऊन येऊ.’ कोणी तिरुपतीचे नाव काढतो, कोणी ओंकारेश्वरचे. पोरांना चिखलदरा पाहिजे असतो. दिवस ठरतात, गाडी ठरते, आणि मग यात्रेचा चालक किंवा हॉटेलवाला फोनवर विचारतो, ‘जेवणासकट धरू की जेवणाविना?’ येथे घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बाप म्हणतो, एकदाचे पैसे देऊन मोकळे होऊ. आजी म्हणते, ‘मी चतकोर भाकर खातो माय, पुऱ्या ताटाचे पैसे कायले द्यायचे?’ आणि जिच्या हातचे सगळे खातात ती बहुतेक वेळा काहीच बोलत नाही.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. सहा-आठ माणसांच्या घराला दोन-तीन दिवसांत यात काही हजारांचा फरक पडतो, आणि तेवढ्या पैशात बियाण्याच्या दोन-तीन थैल्या येतात.

आपल्याला हा व्यवहार नवा नाही. संत्र्याची बाग ठोक भावाने व्यापाऱ्याला द्यायची की फळे मोजून हजारी दराने, याचा विचार वरूड-मोर्शीकडचा शेतकरी दरसाल करतो. ठोक्यात डोक्याचा ताप कमी, पण फळ भरघोस निघाले तर फायदा व्यापाऱ्याचा. मोजून दिले तर हिशेब चोख, पण राखण आपल्याकडे. जेवणाचे आगाऊ पैसे म्हणजे आपले पोट ठोक भावाने देणे. पोट मोठे असेल तर सौदा आपला, लहान असेल तर हॉटेलवाल्याचा. बागेचा मालक झाडावरची फळे पाहून मगच बोलतो. आपणही आपल्या घरातली ताटे मोजून बोलावे.

अक्षरांचा घोळ

हॉटेलच्या दरपत्रकात किंवा मोबाइलवर खोली नोंदवताना ‘ईपी’, ‘सीपी’, ‘एमएपी’, ‘एपी’ अशी अक्षरे दिसतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचे जेवण, बहुधा रात्रीचे. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण. यातला ‘ए’ अमेरिकेचा आहे, पण ताटात येते ते वरण-भात आणि पनीरची भाजीच. त्यामुळे नावाला भिण्याचे कारण नाही.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट दुसरीच आहे. ही योजना दिवसावर नसते, रात्रीच्या मुक्कामावर असते. एक रात्र राहिलात तर एक नाश्ता, एक दुपारचे आणि एक रात्रीचे जेवण. पण खोली मिळते दुपारी बारानंतर आणि सोडावी लागते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला. मग दुपारचे जेवण बसते कोठे? पोचल्या दिवशी घाट चढून जाईपर्यंत तीन वाजले, तर ते गेले. निघण्याच्या दिवशी खोली सोडल्यावर जेवू म्हटले, तर ‘तुमचा हिशेब संपला’ असे ऐकावे लागते. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाला तिन्ही वेळचे पैसे भरण्यात फारसा अर्थ नाही. भरायचेच असतील, तर दुपारचे जेवण पोचल्या दिवशीचे धरले की निघण्याच्या दिवशीचे, आणि किती वाजेपर्यंत मिळेल, हे आधी विचारून घ्यावे.

चिखलदऱ्याचा हिशेब

आता आपल्या अंगणातलेच उदाहरण घेऊ. चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण. उंची अकराशे मीटरच्या आसपास, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती येथेच. अमरावतीकडून परतवाड्यावरून वर जायचे. अकोल्याकडून अकोट-अंजनगाव करीत परतवाडा गाठायचा आणि मग घाट. राज्य पर्यटन महामंडळाचे निवास आहे, खाजगी हॉटेलेही आहेत.

समजा, घरची सहा माणसे निघाली: आजी-आजोबा, नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मुक्काम दोन रात्री. पुढचे आकडे नुसते हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. दर ठिकाणागणिक आणि हंगामागणिक वेगळे असतात.

हॉटेलवाला मोठ्या माणसामागे रोज सहाशे रुपये जेवणाचे मागतो, बारा वर्षांखालच्या मुलाचे निम्मे. मुलगी तेरा वर्षांची, म्हणजे तिचे पैसे पुरे. पाच मोठ्यांचे ३,००० आणि मुलाचे ३०० मिळून रोजचे ३,३००, दोन दिवसांचे ६,६००. बाहेर खाल्ले तर सकाळी पोहे-चहा माणशी ५० प्रमाणे ३००. दुपारी १६० रुपयांची पाच ताटे, कारण आजी आणि नातू मिळून एका ताटात भागवतात. त्याचे ८००. रात्रीचे तितकेच. रोजचे १,९००, दोन दिवसांचे ३,८००. फरक २,८०० रुपयांचा.

यावरून एक सोपा ठोकताळा निघतो. बाहेरच्या खाण्याचा रोजचा खर्च काढावा आणि त्याला माणसांच्या संख्येने भागावे, मूल अर्धे धरून. येथे १,९०० भागिले साडेपाच, म्हणजे माणशी साधारण ३४५ रुपये. त्याच्या आसपास दर असेल तर योजना घ्यायला हरकत नाही. सहाशे असेल, तर ते अडीचशे रुपये आपण कशासाठी देतो, हे स्वतःला विचारावे.

कधी कधी ते देण्यासारखेही असतात. आजोबांना मधुमेह असेल आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण लागत असेल, तर अनोळखी गावात थाळी शोधत फिरणे बरे नाही. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुके असे उतरते की रात्री म्हाताऱ्या माणसांना घेऊन जेवायला बाहेर पडणे जिवावर येते. अशा दिवसांत रात्रीचे जेवण मुक्कामाच्या जागीच असावे. पण त्यासाठीही आगाऊ पैसे भरायला पाहिजेत असे नाही. संध्याकाळी पाच वाजता स्वयंपाकघरात सांगून ठेवले आणि खाल्ले तेवढ्याचे दिले, तरी काम होते.

दुपारचे जेवण मात्र चिखलदऱ्यात बांधून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवसभर आपण भीमकुंडावर, देवी पॉइंटवर, पंचबोलवर किंवा गाविलगड किल्ल्यात. किल्ला दोन तासांत आटोपत नाही. जेवणासाठी परत हॉटेलात यायचे म्हणजे फिरण्याचा ऐन वेळ गेला. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, मग तर बोलायलाच नको. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात सफारीला जाणाऱ्यांची गत सकाळच्या नाश्त्याच्या बाबतीत हीच. सफारी उजाडताच निघते आणि हॉटेलचा नाश्ता आठच्या पुढे मांडला जातो. नाश्ता भाड्यातच असेल, तर आदल्या रात्री ‘बांधून द्या’ म्हणून सांगावे. बहुतेक ठिकाणी देतात. न सांगणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही.

शिवाय गरम कांदाभजी, भाजलेले मक्याचे कणीस, घट्ट रबडी हे कोणत्याच योजनेत नसते, आणि चिखलदऱ्याला जाऊन ते न खाता कोणी परत येत नाही. तो खर्च दोन्हीकडे धरावाच लागतो. भजी खाऊन पोट भरलेले आणि आत हॉटेलात आपल्या नावाचे ताट वाट पाहते आहे, असे दोनदा पैसे जाऊ देऊ नयेत.

ताटे मोजताना उपासही मोजा

आपल्या घरांत उपास किती! गजानन महाराजांच्या भक्तांचा गुरुवार, कोणाची चतुर्थी, कोणाची एकादशी, श्रावणातले सोमवार. वारकऱ्यांच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. हॉटेलवाला ताट धरतो ते माणसाचे, त्या दिवशी तो खातो की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून तारखा ठरवताना पंचांग काढावे. मुक्कामात दोघांचा उपास येत असेल, तर तेवढी ताटे आधीच वगळून मागावीत किंवा त्याऐवजी साबुदाण्याची उसळ मिळेल काय ते विचारावे. विचारायला लाजू नये.

याच्या उलट ज्यांच्या घरी तीन तरणे पोरगे आहेत, पोळ्यांची चळत पाहता पाहता संपते, त्यांना हवे तेवढे वाढून घेण्याची योजना बहुधा परवडते. तेथे हॉटेलवाल्याचाच हिशेब चुकतो.

जेथे आगाऊ पैसे भरण्याचे कारणच नाही

शेगावला जाणाऱ्याने जेवणाच्या योजनेच्या भानगडीत पडू नये. श्री गजानन महाराज संस्थानात महाप्रसाद विनामूल्य मिळतो. रांगेत बसा, पानात पडेल ते खा, उठा. भक्तनिवासाच्या बाजूची उपाहारगृहेही माफक दराची. पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर येथे संस्थानच्या शाखा आहेत, तेथेही वऱ्हाडी माणसाला परके वाटत नाही. शिर्डीच्या प्रसादालयातही जेवणाची चिंता नसते. तिरुमलेला देवस्थानची नित्य अन्नदान योजना ६ एप्रिल १९८५ रोजी सुरू झाली, ती अखंड चालू आहे. मात्र तेथे भात आणि सांबार असते. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांची जरा फसगत होते.

एस.टी.ने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. शेगावची एका दिवसाची वारी घरच्या शिदोरीवर आणि महाप्रसादावर किती स्वस्तात होते, हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे.

रेल्वेतही जेवणाचा हा पर्याय असतो. १० ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या अजनीहून पुण्याची वंदे भारत गाडी सुरू झाली, ती बडनेऱ्याला आणि अकोल्याला थांबते. तिकीट काढताना जेवण नको असे सांगता येते आणि तेवढे पैसे वाचतात. पण गाडीत बसल्यावर मन बदलले, तर महागात पडते. आधी न मागितलेल्या जेवणावर माणशी पन्नास रुपये जादा घेण्याचा नियम रेल्वेने जुलै २०२२ मध्ये केला. डबा बरोबर असेल तर ‘नको’ म्हणावे आणि मग त्यावर ठाम राहावे.

घरची शिदोरी फुकट नसते

येथे एका गोष्टीवर थांबून बोलले पाहिजे. वरच्या सगळ्या हिशेबात कोणी म्हणेल, ‘बाहेर तरी कशाला खायचे? दशम्या, तिखट पुऱ्या, ठेचा, चिवडा घरूनच नेऊ.’ खरे आहे. दशमी दोन दिवस टिकते, वांग्याची सुकी भाजी पहिल्या दुपारी उरकता येते. पण त्या दशम्या करते कोण? गाडी पहाटे पाचला निघायची, म्हणून घरची बाई दोनला उठते. चाळीस दशम्या थापते, डबे भरते, पोरांना आंघोळी घालते, आणि गाडीत बसल्यावर घाट सुरू होताच तिचा डोळा लागतो. जागा आल्यावर डबे उघडणे, वाढणे, भांडी विसळणे पुन्हा तिच्याकडेच. घरच्यांची सहल होते, तिची नुसती चूल जागा बदलते.

वर्षभर चूल, वेचणी, निंदण, गोठा यांतून तिला सुटी नसते. मग त्या २,८०० रुपयांच्या फरकातले काही पैसे तिच्या मोकळ्या हातांसाठी गेले, तर ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. फक्त ते उघडपणे त्यासाठी द्यावेत. ‘जेवणासकट घेतले’ म्हणायचे आणि वर ‘आजीसाठी चार भाकरी करून घे, बाबाला बाहेरचे पचत नाही, पोरांना धपाटे लागतात’ असे करायचे, तर पैसेही गेले आणि सुटीही गेली. आमची सुचवण अशी की पैसे भरण्याआधी घरच्या कारभारणीला विचारावे: तुला या दोन दिवसांत काय काय करावे लागणार नाही? तिच्या उत्तरावर योजना ठरवावी.

ही कल्पना जगातही याच वाटेने वाढली. इंग्लंडात टॉमस कुक या सहलवाल्याने १८६८ साली हॉटेलची कुपने काढली. घरूनच मुक्काम आणि जेवणाचे पैसे भरायचे आणि परक्या देशात कुपन दाखवून जेवायचे. पुढे १९३६ साली बिली बटलिन याने स्केग्नेस येथे सुटीची छावणी उघडली. राहणे आणि तीन वेळचे जेवण एकाच पैशात. तेथे येणारे बहुतेक कामगार कुटुंबांतले. आठवडाभर स्वयंपाक नाही, ही त्या घरच्या बायकांच्या दृष्टीने केवढी गोष्ट असेल! आपल्याकडच्या मराठी सहल कंपन्यांनीही परमुलखात मराठी जेवण देऊनच माणसे जोडली.

यात्रेच्या बसचे जेवण

लांबच्या यात्रेला मात्र आमचे मत जेवणासकटच्या बाजूने आहे. काशी, रामेश्वर, चारधाम अशा दहा-पंधरा दिवसांच्या प्रवासाला गावातून किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून बस निघते. सोबत आचारी, पीठ, डाळ, मोठी पातेली. धर्मशाळेच्या आवारात चूल मांडतात आणि आजीला पंधराव्या दिवशीही वरण-पोळी मिळते. भाषा येत नाही, पाणी बदलते, पोट बिघडण्याची भीती असते. अशा ठिकाणी घरच्यासारखे अन्न ही चैन नव्हे, औषध आहे. रेल्वेच्या ‘भारत गौरव’ यात्रागाड्यांतही शाकाहारी जेवण भाड्यात धरलेले असते.

पण पैसे देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ‘जेवण’ म्हणजे दोन वेळचे की एक वेळचे? निघण्याचा आणि परतीचा दिवस धरला आहे काय? बस वाटेत बंद पडली, तर त्या वेळचे जेवण कोणाकडे? एखाद्याने ऐनवेळी येणे रद्द केले, तर जेवणाचे पैसे परत मिळतील काय? आणि आचारी कोण, हे त्याच्या आधीच्या यात्रेला गेलेल्या दोन माणसांना विचारावे. छापील पत्रकावर ‘उत्तम भोजन’ सगळेच लिहितात.

एक गोष्ट तर जिवाची आहे. चालत्या गाडीत शेगडी पेटवू देऊ नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या उभ्या डब्याला पहाटे आग लागली. चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरवर चहा करण्यातून ती लागली आणि ९ जण गेले. तो डबा तर थांबलेला होता. स्वयंपाक खाली, मोकळ्या जागेवरच झाला पाहिजे, हे पैसे देतानाच सांगून टाकावे.

पावती

ठरले ते कागदावर घ्यावे. किती माणसे, किती ताटे, कोणते दिवस, मुलांचे वय आणि दर. फोनवर बोलणे झाले असेल तर तेच मोबाइलवर लिहून मागावे. पैसे एकदम सगळे देऊ नयेत, थोडे विसार म्हणून द्यावेत.

हॉटेलच्या बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तसे सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम केले. बिलात ती ओळ दिसली तर नम्रपणे काढायला सांगावे. ठरलेले जेवण दिलेच नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे परगावच्या हॉटेलवाल्यासाठी परगावच्या चकरा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही. पण पावती लागतेच.

शेवटी एक ताट सगळेच विसरतात, ते परतीच्या रात्रीचे. घाट उतरून घरी पोचायला नऊ-दहा वाजतात. पोरे पेंगलेली, दूध नाही, चूल गार. ते जेवण कोणत्याही योजनेत नसते. निघण्याच्या आधीच शेजारी सांगून ठेवावे, ‘परवा रात्री आमच्या वाटणीची खिचडी टाका जी.’ आणि येताना परतवाड्याला गाडी थांबवून त्यांच्यासाठी अर्धा किलो खवा घ्यावा.